युक्तिवाद संपल्यावरचा उशीर कुणाचा?

दिठी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. विषय आईच्या दाव्याचा आहे, पण मला त्या दाव्यातल्या हक्कांबद्दल काही विचारायचं नाही. ते कोर्ट ठरवेल. मला विचारायचं आहे ते न ठरवण्याबद्दल.

आईचा वाटपाचा दावा चौदा वर्षांपूर्वी दाखल झाला. समन्स बजावणीत दोन वर्षं गेली. मग एक प्रतिवादी वारले, त्यांचे वारस लावण्यात आणखी दीड वर्ष. कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास, मध्ये टाळेबंदीचा काळ. या सगळ्याबद्दल माझी तक्रार आहे, पण त्यात दोष वाटून घेणारे पुष्कळ आहेत. आमच्याच वकिलांनी किती मुदतीचे अर्ज दिले ते मला माहीत आहे.

माझं म्हणणं शेवटच्या अकरा महिन्यांपुरतं आहे. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पूर्ण झाला आणि साहेबांनी प्रकरण निकालावर ठेवलं. त्यानंतर ना साक्षीदार यायचा होता, ना वकील, ना कागद. कुणाच्या गैरहजेरीने अडावं असं काही उरलंच नव्हतं. तरी नऊ तारखा पडल्या. मी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदीची, नक्कल काढली, तर नऊ ओळी अगदी सारख्या: "निकाल तयार नाही. पुढील तारीख." दहाव्या तारखेला कळलं की साहेबांची बदली झाली. नवीन साहेब म्हणाले, मी युक्तिवाद ऐकलेला नाही, पुन्हा ऐकावा लागेल. त्यांचं बरोबरच आहे. न ऐकता त्यांनी निकाल द्यावा असं मीही म्हणणार नाही.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ती दर तारखेला अकराच्या आधी जाऊन पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला बसायची, म्हणजे उजवा कान पुकाऱ्याकडे राहतो. दहाव्या तारखेनंतर घरी आल्यावर तिने विचारलं, "मी काही चुकीचं बोलले होते का गं साक्षीत?" निकाल लागत नाही याचा अर्थ तिने स्वतःकडे घेतला होता.

तेव्हा जाणकारांना प्रश्न: युक्तिवाद संपल्यावर निकाल वेळेत देणं हे न्यायाधीशांचं कायद्याने बांधलेलं कर्तव्य आहे, की निव्वळ अपेक्षा? भाऊ म्हणतो, "कोर्टात असंच चालतं." मला ते उत्तर पुरत नाही.

निशाणी_पाच

मी वकिली करतो, सहावं वर्ष आहे. तुमच्या आईचा प्रश्न वाचून हललो. आधी कायदा सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २०, नियम १ प्रमाणे सुनावणी संपल्यावर निकाल लगेच खुल्या न्यायालयात द्यायचा असतो. लगेच शक्य नसेल तर ३० दिवसांत देण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करायचा. असाधारण कारण असेल तरच त्यापुढची तारीख, आणि तीही साधारणपणे ६० दिवसांपलीकडे नाही. व्यापारी वादांसाठी २०१५ च्या कायद्याने युक्तिवाद संपल्यापासून ९० दिवस ठेवले आहेत. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम २५८ मध्ये सत्र खटल्यात युक्तिवादानंतर ३० दिवस, आणि कारणं नोंदवून ४५ पर्यंत.

म्हणजे कर्तव्य आहे, लिहिलेलं आहे. अडचण अशी की ६१ व्या दिवशी काय होतं, हे दिवाणी संहिता सांगत नाही. उशिरा दिलेला निकाल तेवढ्या कारणाने आपोआप रद्द होत नाही, आणि व्हायलाही नको, नाहीतर शिक्षा पक्षकारालाच. पण या मोकळ्या जागेमुळेच ३० दिवसांचं वजन कमी होत गेलं आहे.

उच्च न्यायालयांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अनिल राय विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात स्पष्ट पायऱ्या घालून दिल्या. निकाल राखून ठेवल्याची तारीख आणि जाहीर केल्याची तारीख निकालपत्रावर वेगवेगळी दाखवायची सोय करावी. तीन महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो. सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्या, असा अर्ज थेट मुख्य न्यायमूर्तींकडे करता येतो. मला यातली पहिली पायरी सगळ्यात मोलाची वाटते. दोन तारखा शेजारी शेजारी छापल्या की मधलं अंतर कुणालाही दिसतं.

पायवाट

दिठीताई, तुमच्या आईंबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण न्यायाधीशांना एकट्याला पुढे करून बोलणं मला पटत नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मिळून ४ कोटींहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत. १९८७ मध्ये विधी आयोगाने दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हवेत असं सांगितलं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच आकडा धरून पाच वर्षांत तिथवर पोचा असं म्हटलं. आज मंजूर पदं धरली तरी आपण त्याच्या निम्म्यावरही नाही, आणि मंजूर पदांतली कितीतरी रिकामी. एका माणसावर दोन कोर्टांचा कार्यभार असतो. त्याने निकाल कधी लिहायचा? पदं भरणं सरकारचं काम आहे, इमारती आणि लघुलेखक देणंही सरकारचंच.

दिठी

पायवाट, आकड्यांबद्दल वाद नाही. साहेब मोकळे बसले होते असं मी म्हटलेलंच नाही. पण चौदा वर्षांच्या दाव्यात युक्तिवाद ऐकून झाल्यावर, सगळं ताजं असताना तो निकाल मागे पडला आणि त्याच काळात नवीन प्रकरणांचे युक्तिवाद ऐकले जात होते. हे मी स्वतः बाकावर बसून पाहिलं आहे. ऐकलेलं संपवायच्या आधी नवीन ऐकायला घ्यायचं की नाही, हे तर त्यांच्याच हातात होतं ना? तिथे सरकार कुठे येतं?

जुना शिरस्ता

एकतीस वर्षं न्यायालयीन नोकरी केली, त्यातली बरीचशी बेंच क्लार्क म्हणून. दोन्ही बाजू जवळून पाहिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायवाट म्हणतात ते खरं आहे. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, शंभराच्या आसपास प्रकरणं असली की पहिला दीड तास नुसत्या पुकाऱ्यात आणि तारखा देण्यात जातो. मग जामिनाचे अर्ज, तातडीचे मनाई अर्ज. दुपारनंतर साक्ष सुरू होते, ती पाचपर्यंत. म्हणजे निकाल सांगायला न्यायाधीशाला कोर्टाच्या वेळेत वेळच नाही. तो संध्याकाळी, रात्री किंवा रविवारी घरी लिहायचा. त्यात न्यायाधीशाच्या कामाची मोजदाद युनिटवर, म्हणजे निकाली काढलेल्या प्रकरणांना मिळणाऱ्या गुणांवर. जुन्या, जाड दाव्याला युनिट मिळतात, पण चारशे निशाण्या (क्रमांक देऊन दप्तरात लावलेले कागद) वाचून निकाल लिहायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात तडजोडीची, कबुलीची, छोटी छोटी प्रकरणं कितीतरी निघतात. महिन्याचा तक्ता भरायचा असतो. मग जाड दप्तर कपाटात आणखी एक महिना मागे सरकतं. कुणी ठरवून करतं असं नाही, पण होतं तसंच.

आता दुसरी बाजू. एकाच कोर्टहॉलमध्ये, जवळपास तेवढ्याच बोर्डावर मी लागोपाठ दोन साहेबांबरोबर काम केलं. पहिले साहेब दर संध्याकाळी उठण्याआधी त्या दिवशी झालेल्या साक्षीवर दहा-पंधरा ओळी लिहायचे. वेगळा फुलस्केप कागद, वर दाव्याचा नंबर, खाली कुठल्या मुद्द्यावर साक्षीदार काय बोलला, उलटतपासात कुठे अडखळला, कुठली निशाणी कशाला लागू. तो कागद मी दप्तराच्या आतल्या बाजूला टाचून ठेवायचो. युक्तिवादाच्या दिवशी दप्तर उघडलं की असे सहा-सात कागद समोर. वकिलांनाही ते थेट विचारायचे, "मुद्दा क्रमांक तीनवर बोला, बाकी मला कळलं आहे." युक्तिवाद संपला की आठ-पंधरा दिवसांत निकाल. माझ्या आठवणीत त्यांचा राखून ठेवलेला निकाल महिन्यापुढे गेला नाही.

दुसरे साहेब माणूस म्हणून अतिशय सज्जन, कायद्यात हुशार. पण साक्ष चालू असताना टिपण नाही. युक्तिवाद शांतपणे ऐकायचे, निकालावर ठेवायचे. मग महिन्याभराने दप्तर उघडलं की पहिल्या पानापासून वाचन. तोवर मनावरचं सगळं पुसलेलं असायचं. जे काम पहिल्या साहेबांचं चार तासांत व्हायचं त्याला यांना चार दिवस लागायचे, आणि चार दिवस सलग मिळणार कधी? बदली झाली तेव्हा त्यांच्या कपाटात असे तेवीस दावे होते. ते मीच मोजून यादी केली होती. त्या तेवीस दाव्यांतले पक्षकार नंतर माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे. काय उत्तर देणार होतो मी?

म्हणून ताई, कामाचा बोजा हे कारण खरं, पण ते पूर्ण कारण नव्हे. कामाची रीत हाही कर्तव्याचाच भाग आहे.

काळी शाई

जुना शिरस्ता यांचा प्रतिसाद वाचून वडील आठवले. ते जिल्हा न्यायाधीश होते, आता नाहीत. घरी टेबलावर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं असायची. त्या टेबलावर आम्ही पाण्याचा पेला ठेवायचा नाही हा नियम.

ते म्हणायचे, निकाल लांबला की साक्षीदाराचा चेहरा जातो आणि हातात नुसता कागद उरतो. साक्षीत "हो" असं लिहिलेलं असतं, पण ते "हो" कसं आलं, पटकन की वकिलाकडे बघून, हे कागदावर येत नाही. वरच्या न्यायालयाला फक्त कागद मिळतो. चेहरा पाहणारा एकटा खालचा न्यायाधीश. त्यानेच तो विसरेपर्यंत वेळ काढला तर त्याच्या निकालाला वेगळी किंमत काय राहिली?

पण आणखी एक सांगायचं आहे. त्यांच्या हातून एकदा उशीर झाला, आणि तो कामाच्या बोजाने नव्हता. मुलाच्या ताब्याचं प्रकरण होतं, आईवडील दोघंही ठीक माणसं. माझ्या वडिलांचं मन ठरत नव्हतं. निकाल लिहायचे, फाडायचे. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मूल ज्यांच्याकडे होतं तिथेच रुळलं, शाळा बदलली, मित्र झाले. शेवटी निकाल लिहिताना "मुलाची सध्याची घडी विस्कटू नये" हाच मुद्दा भारी ठरला. ती घडी बसली होती माझ्या वडिलांच्याच उशिरामुळे. निवृत्तीनंतर एकदा ते म्हणाले, "त्या प्रकरणात मी निकाल दिलाच नाही. तारखांनी दिला." ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत सलत होती.

न्यायाधीशाला भीतीही वाटते. वर निकाल फिरेल याची, कुणी निनावी अर्ज करेल याची, आपण चुकू याची. भीतीपोटी लांबवलेलं प्रकरण बाहेरून आळसासारखंच दिसतं. सहानुभूती बाळगूनही मी म्हणेन की ठरवणं हेच ते काम आहे. मन शंभर टक्के ठरेपर्यंत थांबायची मुभा त्या खुर्चीला नाही. चूक झाली तर अपील आहे. पण न दिलेल्या निकालावर अपील कसं करणार?

दिठी

तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हेच तर. हरले असते तरी पुढे गेले असते."

मोजपट्टी

बाहेर काय व्यवस्था आहेत ते सांगतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या घटनेतच तरतूद आहे (कलम ६, पोटकलम १९) की निर्णयासाठी सोपवलेलं प्रकरण ९० दिवसांहून जास्त अनिर्णित असेल तर तोवर न्यायाधीशाला पगार घेता येत नाही. पगारासाठी तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेत सर्वोच्च न्यायालयाला २४ महिने, त्याखालच्या खंडपीठ न्यायालयांना १२ आणि इतर न्यायालयांना ३ महिने अशी मुदत आहे. मुदत उलटली तर का उलटली याचा दाखला लिहून तो पक्षकारांना द्यावा लागतो. आणि मुदत संपली तरी निकाल देण्याची जबाबदारी संपत नाही, हेही तिथे लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे पगाराची तरतूद का नको? माझं स्पष्ट मत आहे की परिणाम नसलेली मुदत म्हणजे मुदत नव्हेच.

निशाणी_पाच

मोजपट्टी, पगाराच्या अटीबद्दल मला धास्ती वाटते, आणि ती रोजच्या अनुभवातून. मुदत जवळ आली की प्रकरण "स्पष्टीकरणासाठी" पुन्हा बोर्डावर घ्यायचं, वकिलांना दोन वाक्यं बोलायला लावायची आणि आजपासून पुन्हा निकालावर. कागदोपत्री मुदत पाळली जाते, पक्षकार तिथेच. पगार अडकणार असेल तर हे वाढेल. शिवाय न्यायाधीशाचा पगार कुणाच्याही हातात द्यायला मी दहा वेळा विचार करेन.

फिलिपिन्सचा दाखला मात्र मनापासून आवडला. "या प्रकरणाचा निकाल या कारणाने देता आलेला नाही" असं सहीनिशी लिहून पक्षकाराच्या हातात द्यायचं. "निकाल तयार नाही" या छापील ओळीपेक्षा ते किती माणुसकीचं आहे. दिठीताईंच्या आईंनी दोष स्वतःकडे घेतला, कारण त्यांना कुणी कारणच सांगितलं नाही.

अंगणवेल

तुम्ही सगळे दिवाणी बोलताय. कच्च्या कैदेत माणूस असतो तेव्हा उशीर वेगळाच असतो. १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कच्चे कैदी पुढे आले की ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेहूनही जास्त काळ ते आत होते, खटला न चालता. न्या. भगवतींच्या खंडपीठाने जलद खटला हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे असं ठरवलं. एवढं मोठं वाक्य लिहिलं गेलं, त्याला चार दशकांहून जास्त काळ लोटला. तरी आजही तारखेला व्हॅन आली नाही म्हणून कैद्याला हजर केलं नाही आणि तारीख पडली, हे मी नात्यातल्या एका मुलाच्या बाबतीत पाहिलं. अडीच वर्षांनी निर्दोष सुटला. ती अडीच वर्षं कुठल्या रोजनाम्यात भरून निघणार?

उलट तपास

वेगळा सूर लावतो, राग मानू नका. घाईचाही उशीर होतो.

आमच्या एका नातेवाइकांच्या दाव्यात "जुनी प्रकरणं संपवा" अशी मोहीम चालू होती. त्यांचे वकील इस्पितळात होते, मुदत नाकारली, साक्ष बंद झाली, पंधरा दिवसांत निकाल. अपिलात सहा वर्षांनी ठरलं की पुराव्याची संधीच दिली नव्हती, म्हणून दावा पुन्हा खाली पाठवला. म्हणजे "वेळेत" लागलेल्या निकालाने सहा वर्षं वाढवली.

आणि कॅनडा पाहा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जॉर्डन प्रकरणात फौजदारी खटल्यांना कमाल मर्यादा घातली. प्रांतिक न्यायालयात १८ महिने, वरच्या न्यायालयात ३०. ती ओलांडली आणि समर्थन देता आलं नाही तर खटला कायमचा थांबवायचा. २०१७ मध्ये क्वेबेकमध्ये खुनाच्या आरोपाचा खटलाही त्यापायी थांबला. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करायचं? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींनी मिळून, अशी सरसकट कालमर्यादा घालायला नकार दिला. मला ते शहाणपणाचं वाटतं.

जुना शिरस्ता

उलट तपास, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. साक्ष घाईत बंद करणं हा पक्षकाराचा घात आहे. पण इथे दोन टप्पे वेगळे करा. साक्षी-पुराव्याच्या वेळी धीर धरायचा की नाही हे प्रकरणागणिक ठरेल, तिथे ज्याची त्याची अडचण ऐकावीच लागते. युक्तिवाद संपल्यावर मात्र ऐकण्यासारखं कुणाचं काही उरत नाही. त्या टप्प्यावर वेळ घेतल्याने कुणालाही जास्त संधी मिळत नाही. ताईंचा प्रश्न तेवढ्याच टप्प्याचा आहे.

आता ताई, उपयोगाचं सांगतो. नवीन साहेबांसमोर पुन्हा युक्तिवाद होईल तेव्हा वकिलांना लेखी युक्तिवादही दाखल करायला सांगा, त्याची तरतूद आहे. लांबण नको. मुद्दा, त्याखाली कुठल्या साक्षीदाराच्या साक्षीतला कुठला परिच्छेद, कुठली निशाणी, बस. सोबत तारखांची एक पानी यादी. नव्या साहेबांना चौदा वर्षं चार पानांत दिसली पाहिजेत. आईंच्या वयाचा दाखला जोडून प्राधान्याने ऐकण्याचा अर्ज द्या. अर्जात आधीच्या साहेबांबद्दल एक शब्दही नको, फक्त युक्तिवाद पूर्ण झाल्याची तारीख आणि नंतरच्या नऊ तारखा. आणि युक्तिवाद संपेल त्या दिवशी वकिलांनी उभं राहून नम्रपणे म्हणावं, "निकालाची नेमकी तारीख रोजनाम्यात घ्यावी."

पायवाट

जुना शिरस्ता, तुमचे ते तेवीस दावे डोक्यातून जात नाहीत. पदं भरा हे माझं म्हणणं कायम आहे. पण न्यायाधीशाची बदली होण्याआधी त्याच्याकडचे राखून ठेवलेले निकाल पूर्ण करून घ्यायचे, ही काळजी तर पदं न भरताही घेता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही.

निशाणी_पाच

अगदी. शिवाय आधीच्या साहेबांनी निकाल लिहून ठेवला असेल, फक्त जाहीर करायचा राहिला असेल, तर नंतर आलेले न्यायाधीश तो जाहीर करू शकतात. आदेश २०, नियम २. दिठीताई, दप्तरात तसं काही आहे का, वकिलांना एकदा बघायला सांगा.

दिठी

दप्तर पाहिलं. लिहिलेला निकाल नव्हता. पण सगळ्यांनी सुचवल्याप्रमाणे केलं, म्हणून पाच आठवड्यांनी कळवायला आले आहे.

लेखी युक्तिवाद साडेचार पानांचा झाला. प्राधान्याचा अर्ज मंजूर झाला, काल दोन्ही बाजूंचं बोलणं संपलं. नवीन साहेबांनी मध्ये दोनदा वकिलांना थांबवून प्रश्न विचारले आणि स्वतः लिहून घेतलं. आमच्या वकिलांनी तारखेची विनंती केली. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, लघुलेखकाला काहीतरी विचारलं आणि आईकडे बघून, जरा मोठ्याने, तारीख सांगितली. एकवीस दिवसांनंतरची आहे.

आईने ती घरी येऊन कॅलेंडरवर लिहिली. त्या दिवशी पहिल्या बाकाचं डावं टोक रिकामं मिळावं म्हणून आम्ही साडेदहालाच जाणार आहोत.